मचाणाची जागा

मचाण म्हटले की शिकारकथांतले एक ठरावीक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. उंच झाडावर बांधलेली खाट, खाली खुंटाला बांधलेले बोकड, बंदूक सरसावून बसलेला साहेब आणि सगळीकडे चिडीचूप शांतता. या चित्रात सारे लक्ष बंदुकीकडे असते. मचाण याच झाडावर का बांधले, शेजारच्या झाडावर का नाही, हा प्रश्न कथा वाचताना सहसा कोणाला पडत नाही. परंतु ज्यांनी रानात रात्री काढल्या आहेत ती माणसे सांगतात की, रात्रीचा निकाल दिवसाउजेडी जागा निवडतानाच लागलेला असतो. जागा चुकली तर चांगला नेमबाजही सकाळी हात हलवीत घरी येतो.

शिकारीचे दिवस आता गेले, आणि गेले ते बरेच झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली. पुढे १९८५ साली भीमाशंकरचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरले आहे. आमच्या आंबेगाव तालुक्याचा पश्चिमेकडील टोकाचा भाग त्यात येतो. बाहेरच्या लोकांना हे रान ज्योतिर्लिंगामुळे आणि शेकरूमुळे माहीत असते. पण येथे सांबर आहे, भेकर आहे, बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, आणि क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडणारी इवलीशी पिसोरीही आहे.

शिकार संपली तरी मचाण मात्र संपलेले नाही. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांच्या कडेला मचाणे बांधली जातात. वनखात्याचे कर्मचारी आणि परवानगी घेऊन आलेले स्वयंसेवक त्यांवर रात्रभर बसतात. त्यांच्या हाती बंदुकीऐवजी पेन्सिल आणि एक छापील तक्ता असतो. पाण्यावर कोण आले, किती वाजता आले, नर की मादी, बरोबर पिल्लू होते काय, एवढे त्यात लिहायचे. मचाण तेच, झाड तेच, काम मात्र निराळे झाले.

या लेखात मला सांबर आणि भेकर पाहण्यासाठी मचाणाची जागा कशी निवडतात ते सांगायचे आहे. हा विषय केवळ हौसेचा नाही. मोजणीच्या तक्त्यात जो आकडा पडतो त्यावरून रानाविषयी मत बनते. बसणाराने जागा चुकीची निवडली तर तो आकडा रानाचा राहत नाही, बसणाराच्या अज्ञानाचा होतो. आणि जागा निवडण्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्या माणसांचे नाव कोणत्याही तक्त्यात नसते.

माळा आणि मचाण

यातील बराचसा भाग मी आमच्या वाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडून ऐकला. वाडीत सगळेच त्यांना बाबा म्हणतात. त्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. तरुणपणी भात, नाचणी आणि वरईच्या राखणीसाठी त्यांनी कित्येक रात्री शेतातल्या माळ्यावर काढल्या. चार खांबांवर फळ्या किंवा कारवीचा ताटवा टाकून केलेला माळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. माळा आणि मचाण दिसायला एकमेकांचे भाऊ, पण त्यांची जागा निवडण्याचे नियम अगदी उलटे आहेत.

माळ्यावर बसणाराला आपण येथे आहोत हे जनावराला कळवायचे असते. म्हणून माळा शेताच्या रानाकडील बाजूला, शक्य तो आपल्या अंगाचा वास आणि शेकोटीचा धूर रानाकडे जाईल असा घालतात. रात्री मधूनमधून डबा वाजवायचा, आरोळी ठोकायची. मचाणावर बसणाराला नेमके उलटे साधायचे असते. त्याचा वास, आवाज, हालचाल यांतले काहीही जनावरापर्यंत पोहोचता कामा नये. बाबा म्हणाले, "जनावराला वास जातोय की न्हाई, हे ज्याला माळ्यावर कळलं, त्याला मचाणावर निराळं शिकवाया नको." राखणदाराची विद्या उलटी केली की मचाणाची विद्या होते, हे मला त्या एका वाक्यात समजले.

पाणवठ्यावर दबा धरून बसण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दशरथ आणि श्रावणबाळ यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दशरथ शरयूच्या काठी रात्रीच्या अंधारात का थांबला होता? रात्री जनावर पाण्यावर येणार हे त्याला ठाऊक होते म्हणून. जागेची निवड त्याने बरोबर केली. अनर्थ झाला तो न पाहता केवळ आवाजावर बाण सोडल्यामुळे. मोजणीच्या रात्रीही हीच शिस्त पाळावी लागते. झाडीत काही खसखसले म्हणून तक्त्यात 'सांबर' लिहायचे नसते. दिसले तर दिसले म्हणून लिहावे, ऐकले तर ऐकले म्हणून वेगळे लिहावे.

वैशाखच का?

भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. इतका पाऊस पडणाऱ्या रानात पाण्याची टंचाई कशी, असा प्रश्न शहरातल्या वाचकाला पडेल. पण उतार तीव्र, खाली काळा कातळ, त्यामुळे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. पूर्वेकडचे भीमेला आणि घोड नदीला मिळते, पश्चिमेकडचे कड्यावरून कोकणात कोसळते. होळीनंतर ओढे आटू लागतात. वैशाखात उरतात ते काही डोह, कातळाच्या फटीतले झिरे आणि गाई-गुरांसाठी राखलेली पाणवठ्यांची ठिकाणे. पावसाळ्यात रानभर विखुरलेली जनावरे या थोड्या पाण्यापाशी येतात. शिवाय पौर्णिमेचा उजेड रात्रभर मिळतो. या दोन गोष्टी एकत्र येतात म्हणून बुद्धपौर्णिमेची रात्र निवडली जाते. आदल्या दोन-चार दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर मात्र सगळे गणित बिघडते. जागोजागी खळगी भरतात आणि जनावराला डोहावर येण्याची गरजच उरत नाही.

कोणासाठी बसायचे?

हरीण हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. प्रत्येक जातीची सवय निराळी असल्यामुळे आधी हे ओळखले पाहिजे.

सांबर हे भारतातले सर्वांत मोठे हरीण. मोठ्या नराचे वजन दोन-अडीचशे किलोपर्यंत जाते. दिवसा ते डोंगराच्या दाट झाडीत बसून राहते आणि अंधार पडल्यावर उतरते. त्याला चिखलात लोळायला आवडते. दरवर्षी त्याची शिंगे गळून नवी येतात. शिंगे गळण्याचा काळ साधारण उन्हाळ्यातच येत असल्यामुळे वैशाखातल्या रात्री बिनशिंगी सांबर दिसले की ती मादीच, असे धरून चालत नाही. अंगाची ठेवण आणि मानेवरचे दाट केस पाहून ठरवावे लागते.

भेकर लहान, बकरीएवढे, बहुधा एकटे फिरणारे. त्याची शिंगे आखूड असतात आणि नराचे वरचे सुळे ओठाबाहेर आलेले असतात. भय वाटले की ते कुत्र्यासारखे भुंकते. ते संध्याकाळी उजेड असतानाच आणि पहाटेही पाण्यावर येते. त्यामुळे सांबरासाठी उशिरा पोहोचून चालेल, पण भेकरासाठी दुपारीच जागेवर असले पाहिजे. पिसोरी तर सुमारे तीन किलोचा जीव. तिला शिंगे नसतात आणि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती खरी हरीणही नव्हे. दिवसा ती दगडांच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत दडून राहते. ती दिसणे हा योगायोगच समजावा.

या सर्वांचे मुख्य शस्त्र नाक आहे, त्याखालोखाल कान. डोळे हालचाल चटकन टिपतात. तांबडा आणि हिरवा यांतला फरक हरणांना आपल्यासारखा कळत नाही, पण निळा रंग त्यांना चांगला दिसतो. म्हणून निळी जीन पँट घालून मचाणावर जाणे शहाणपणाचे नाही. पण कपडे कितीही योग्य असले तरी वास लपत नाही, म्हणून जागेचा विचार वाऱ्यापासून सुरू करावा लागतो. त्याआधी अर्थातच पाणी ठरवायला हवे.

पाणी आणि वाट

सर्वांत मोठा डोह तो सर्वांत चांगला, असे आपल्याला वाटते. बाबांचे म्हणणे निराळे होते. मोठ्या डोहाला चारी बाजूंनी वाटा असतात. जनावर कोणीकडून येईल याचा भरवसा नसतो आणि दिवसभर तेथे गुरे, धुणे, माणसे यांची वर्दळ असते. रानाच्या पोटातला लहान झिरा बरा, कारण एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपे असल्यामुळे तेथे येण्याला एक-दोनच वाटा असतात.

पाणवठा वापरात आहे की नाही हे काठच्या ओल्या मातीवर वाचता येते. सांबराचा खूर मोठा आणि गोलसर, भेकराचा दोन बोटांत मावेल एवढा, टोकाला निमुळता. खुराच्या कडा धारदार असतील तर ठसा ताजा, ढासळलेल्या असतील तर जुना. ताज्या लेंड्या चकचकीत आणि ओलसर असतात, जुन्या फिक्या आणि सुकलेल्या. चिखलात सांबर लोळल्याची खूण, झाडाच्या खोडाला शिंगे घासून निघालेली साल, जमिनीवर पडलेली आणि अर्धवट खाल्लेली उंबराची, आवळ्याची, बेहड्याची फळे, हे सर्व पाहत मागे मागे जायचे. असे शंभर-दोनशे पावले गेले की जनावराची पायवाट सापडते. ती बहुधा सोंडेच्या कडेने किंवा खिंडीतून, कमी चढउताराने आणि झाडीचा आडोसा न सोडता येते. माणसाप्रमाणे जनावरही विनाकारण दम लावून घेत नाही.

येथे एक पथ्य आहे. मचाण त्या वाटेवर बांधायचे नाही आणि फळे गळणाऱ्या उंबरावर तर मुळीच नाही. वाट आणि पाणी ही दोन्ही समोर दिसतील, पण आपण दोहोंपासून बाजूला असू, अशी जागा हवी. पाण्यापासून वीस-पंचवीस मीटर अंतर पुरते. त्याहून जवळ गेले तर श्वासाचाही आवाज होतो, आणि लांब गेले तर चांदण्यात भेकर आणि रानडुकराचे पिल्लू यांतला फरक कळत नाही.

वारा

भूगोलाच्या वर्गात आपण डोंगरवारे आणि दरीवारे शिकलो. दिवसा उतार तापतो आणि हवा वर चढते. रात्री उतार थंड होतो आणि जड झालेली गार हवा पाण्यासारखी ओढ्याओढ्याने खाली वाहते. परीक्षेसाठी पाठ केलेला हा भाग मचाणावर प्रत्यक्ष उपयोगाला येतो. रात्री ओढ्याच्या वरच्या अंगाला बसलेल्या माणसाचा वास थेट खाली पाण्यावर जातो. त्याने कितीही शांत बसावे, जनावर झाडीतूनच मागे फिरेल आणि बसणाराला ते आले होते हेही कळणार नाही.

भीमाशंकरच्या पूर्वेकडील, म्हणजे आमच्या बाजूच्या ओढ्यांवर एक सोय आहे. उन्हाळ्यातल्या दुपारी आणि संध्याकाळी घाटमाथ्यावर वारा पश्चिमेकडून, कोकणातून येतो. अंधार पडल्यावर तो मंदावतो आणि गार हवा ओढ्याच्या उताराने पूर्वेकडे सरकू लागते. म्हणजे संध्याकाळचा वारा आणि रात्रीची गार हवा दोन्ही बहुधा एकाच दिशेने जातात. दाट रानही साधारण पश्चिमेला, तर शेते आणि वाड्या पूर्वेला. म्हणून आमच्याकडे मचाण पाण्याच्या पूर्वेला, ओढ्याच्या खालच्या अंगाला, काठापासून थोडे बाजूला असावे. जनावर वरच्या रानातून येईल आणि आपला वास मागे वाड्यांच्या दिशेने निघून जाईल.

कड्याखालच्या मुरबाड-कर्जतच्या बाजूला हाच नियम जसाच्या तसा लावला तर फसगत होईल. तेथे ओढे पश्चिमेकडे वाहतात. दिवसा वारा चढतो आणि रात्री हवा उतरते, म्हणजे दिशा उलटसुलट होते. अशा ठिकाणी ओढ्याच्या वर किंवा खाली न बसता आडव्या बाजूच्या उतारावर बसणे बरे. नियम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे. चिमूटभर राख किंवा बारीक माती हातातून सोडून दुपारी, संध्याकाळी आणि अंधार पडल्यावर अशी तीन वेळा पाहिली की जागा स्वतःच उत्तर देते. अमेरिकेसारख्या ज्या देशांत परवाना घेऊन हरणांची शिकार करता येते, तेथील शिकारीही झाडावरची बैठक निवडताना प्रथम वाराच पाहतात. देश बदलला तरी हरणाचे नाक बदलत नाही.

चंद्र आणि झाड

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. आपण पाण्याच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेकडे करून बसलो तर रात्रीच्या पहिल्या भागात चंद्र आपल्या पाठीशी राहतो आणि उजेड समोरच्या जनावरावर पडतो. मध्यरात्रीनंतर तो पश्चिमेला कलतो, तेव्हा जनावर काळ्या आकृतीसारखे दिसते. वैशाखातला सूर्य दुपारी आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो, पण त्याच दिवसांतला पूर्ण चंद्र मध्यरात्री दक्षिणेकडे बराच कललेला असतो. म्हणून पाण्याच्या दक्षिणेला दाट, उंच झाडे असतील तर पौर्णिमा असूनही पाणी सावलीत राहते. भीमाशंकरचे रान निमसदाहरित, ऐन उन्हाळ्यातही पुष्कळ झाडांवर पाने असतात. पानगळीच्या रानातला माणूस येथे हमखास फसतो. दिवसा सुंदर वाटणारी गर्द जागा रात्री आंधळी होते.

चंद्र पाठीशी असण्यात एक धोकाही आहे. आपल्या मागे मोकळे आकाश असेल तर खालून पाहणाऱ्या जनावराला आपली आकृती स्पष्ट दिसते. म्हणून पाठीमागे जाड खोड किंवा दाट शेंडा असलेले झाड हवे. जांभूळ, आंबा, हिरडा अशी मजबूत फांद्यांची झाडे चांगली. बारा ते पंधरा फूट उंची पुरेशी होते. झाडावर आग्या मोहोळ नाही, ढोलीत कोणी मुक्कामाला नाही, फांदी वाळलेली नाही, हे दिवसा पाहून घ्यावे. अभयारण्यात समोरची फांदी आड येते म्हणून तोडता येत नाही. त्यामुळे आधीच मोकळी नजर मिळणारे झाड शोधावे लागते. खिळे न ठोकता दोरीने बांधावे, आणि काम झाल्यावर सोडून न्यावे. मचाण चार-सहा दिवस आधी बांधलेले असले तर उत्तम. जनावर ओळखीच्या रानातली नवी वस्तू लगेच हेरते, पण ती वस्तू रोज तशीच आणि निरुपद्रवी दिसली की तिची सवय होते.

शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या वाटेची. आपण ज्या वाटेने मचाणावर जाऊ त्या वाटेवर आपला वास तासन् तास राहतो. जनावराची वाट ओलांडून गेले तर सगळी निवड व्यर्थ. म्हणून गावाकडून यावे, पाण्यापर्यंत जाऊ नये, दुपारीच वर चढून बसावे आणि सकाळपर्यंत उतरू नये. रात्री खाली उतरणे बिबट्यामुळेही धोक्याचे आहे. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटने २ मे १९२६ रोजी गुलाबराई येथे यात्रेकरूंच्या वाटेजवळच्या आंब्यावर बसून मारला. बिबट्याही माणसांच्या वाटेनेच हिंडतो, हे कॉर्बेटने ओळखले होते. त्या बिबट्याची गोष्ट संपली, पण वाट ओळखण्याची गोष्ट आजही तीच आहे.

शून्याचा अर्थ

अशा रीतीने बाबांनी दाखविलेल्या एका झिऱ्यावर वनरक्षकांबरोबर मीही एक बुद्धपौर्णिमा काढली. सूर्य मावळण्याआधी एक भेकर आले. पाणी पिण्यापूर्वी ते कितीतरी वेळ एकच पाय उचलून थबकले होते. मग काळोख झाला, रातवा ओरडू लागला आणि पुढे चार तास काहीच घडले नाही. डास, ताठलेले पाय आणि जडावलेले डोळे एवढीच सोबत. अकराच्या सुमारास वरच्या झाडीतून एक सांबराची मादी पिल्लासह उतरली. पिल्लू आधी पाण्यात शिरले. मादी मात्र मान उंच करून वारा हुंगत उभी राहिली. त्या क्षणी आमच्या गालावर समोरून गार हवा लागत होती. मादीने मान खाली घातली आणि पाणी प्यायला सुरुवात केली. वनरक्षकांनी न बोलता तक्त्यावर दोन रेघा ओढल्या.

सकाळी तक्ते गोळा झाले. त्यांत एका पाणवठ्यापुढे शून्य होते. संध्याकाळी बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तिथं बसलं व्हतं कुणीकडं? वारा कुणीकडला व्हता?" तक्त्यात या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण तसा रकानाच नव्हता.

मला वाटते, या विषयातले खरे महत्त्व येथे आहे. पाणवठ्यावरची एका रात्रीची मोजणी ही रानातल्या सर्व जनावरांची शिरगणती नव्हे, हे जाणकार मान्यच करतात. एकच सांबर दोन डोहांवर मोजले जाऊ शकते, आणि कित्येक जनावरे त्या रात्री पाण्यावर येतही नाहीत. वाघांच्या गणनेसाठी तर २००६ पासून देशभर निराळी शास्त्रीय पद्धत आली आणि छुप्या कॅमेऱ्यांचा वापर वाढला. तरीही एकाच जागेवर, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे बसले तर त्या नोंदींची आपापसांत तुलना करता येते आणि तेवढ्यापुरती ती उपयोगाची ठरते. पण त्यासाठी जागा नीट निवडलेली आणि कायम ठेवलेली असली पाहिजे. नाहीतर एका वर्षीचे शून्य आणि पुढच्या वर्षीचे पाच यांतून जनावरे वाढली असा निष्कर्ष निघेल, आणि खरे म्हणजे फक्त मचाण ओढ्याच्या वरून खाली आलेले असेल. कागदावर शून्य पडलेल्या रानाची काळजी कोण करणार? तेथे काही नाहीच, असे म्हणायला मग वेळ लागत नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. तक्त्यात चार रकाने वाढवावेत. मचाण पाण्याच्या कोणत्या दिशेला होते, वारा कोणीकडून होता, दिवसा तेथे गुरे येत होती काय, आणि गेल्या आठवड्यात पाऊस झाला काय. आणि मचाण बांधण्यापूर्वी त्या वाडीतल्या वयोवृद्ध माणसाला बरोबर घेऊन एकदा रान फिरावे.

कारण ही माणसे आता थोडी उरली आहेत. शेतीवर माळा घालणारे कमी झाले, तरुण मुले मंचर, चाकण, पुणे येथे कामाला जातात. रानातल्या खुणा वाचण्याची विद्या शिकारीशी जोडली गेल्यामुळे म्हातारी माणसे ती परक्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. हे ज्ञान मुळात वाईट नाही, त्याचा उपयोग कशासाठी करायचा एवढाच प्रश्न आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा पक्ष्यांचा अभ्यास लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला, हे सर्वश्रुत आहे. मारण्यासाठी निरखणारा डोळा राखण्यासाठीही निरखू शकतो.

आपल्या महाविद्यालयात आदिवासी वाड्यांतून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या घरी किंवा शेजारी असे एखादे बाबा असतील. मराठीचा, भूगोलाचा किंवा समाजशास्त्राचा प्रकल्प लिहिताना विषय सापडत नाही म्हणून आपण ग्रंथालयात जुनी पुस्तके उलटीत बसतो. त्याऐवजी एका सुट्टीत पाणवठ्यांची, वाटांची, वाऱ्यांची आणि खुणांची नावे त्यांच्याच शब्दांत लिहून काढली तर वनखात्याला, आपल्या प्राध्यापकांना आणि भाषेलाही त्याचा उपयोग होईल. हे काम पुढच्या वैशाखापर्यंत लांबवू नये. पाणवठे दरवर्षी आटतात आणि मृगाच्या पावसाने पुन्हा भरतात. माणसांच्या आठवणींचे तसे नसते.